गोधडीचा हिशेब



ऊस विकास विभागाच्या पानावर गोधडी कुठून आली, असे काहींना वाटेल. पण लागणीच्या नोंदीसाठी आम्ही वाड्या-वस्त्यांवर फिरतो, तेव्हा पडवीत अर्धी शिवलेली गोधडी हमखास दिसते. घरची बाई दिवसा भांगलणीला नाहीतर अंगणवाडीत, संध्याकाळी चूल आणि पोरांचा अभ्यास, आणि उरल्या वेळात हे काम. हातशिलाईच्या गोधडीला आता पुण्या-मुंबईकडे गिऱ्हाईक आहे. मोबाइलवर फोटो गेला की मागणी येते. म्हणजे धंदा आहे, हिशेब मात्र नाही. उसाचा एकरी खर्च आपण तोंडपाठ सांगतो. गोधडीचा विचारला की उत्तर येते, "घरीच बसून करतीया, तिला कसला खर्च?"

तर तो मांडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. पाच फूट रुंद, साडेसात फूट लांब गोधडी धरा. वरचा-खालचा नवा सुती कपडा आणि दोरा मिळून ७५० रुपये. आतले थर घरच्या जुन्या लुगड्यांचे. धावदोरा जवळजवळ घातला तर शिवायला ४५ तास. शेतातली मजुरी ६ तासांना ३०० रुपये धरली तर तासाला ५० पडतात. शिलाई झाली २,२५० आणि एकूण ३,००० रुपये. हीच गोधडी पाहुण्यातल्या कुणाला १,६५० ला दिली, तर कपडा-दोरा वजा जाता ९०० उरतात. तासाला २० रुपये! दुसऱ्याच्या फडात खुरपे धरले असते तर अडीच पट मिळाले असते.

यावरून शिवू नये असे आम्ही म्हणत नाही. रात्रीच्या दीड तासाला मजुरीवर कोण बोलावणार? त्या वेळेचे ३० किंवा ३५ रुपये पडले तरी एखादीला परवडेल. मात्र ते तिने समजून-उमजून ठरवावे. नुसते १,६५० हातात पडले म्हणून तेवढा नफा समजणे म्हणजे ऊस बिलातून बेणे, खत, मशागत वजा न करताच पैसे मोजणे.

वेळेचेही तसेच. रोज दीड तास म्हटले तर ४५ तासांना ३० दिवस लागतात, तेही लेकरू आजारी पडले नाही, लग्नसराई आली नाही तर. म्हणून महिन्याला एकच गोधडी कबूल करावी. आषाढ-श्रावणात आडसाली लागण आणि भांगलणीची घाई असते, तेव्हा मागणी घेताना मुदत दुप्पट सांगावी. पाणी एक एकराचे आणि लागण अडीच एकराची, असे झाले की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. उन्हाळ्यात कपडा धुऊन चांगला वाळतो, रानातली कामेही कमी असतात. जास्तीचे काम तेव्हाच घ्यावे.

मालाबद्दल थोडे. नवा कपडा आधी धुऊनच घ्यावा. नाहीतर आतली जुनी लुगडी आटलेली असतात आणि पहिल्या धुण्यात वरचे अस्तर आटून गोधडीला चुण्या पडतात. गडद कपडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासावा, रंग लागला तर वापरू नये. नायलॉनच्या साड्या आत घालू नयेत. थर सरकतात आणि शहरातले गिऱ्हाईक सुतीच मागते.

आता उधारी. ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. गोधडीवालीला असा कायदा नाही, तिने तो स्वतःच करावा. मागणी देतानाच निम्मे पैसे, बाकीचे माल देताना. नात्यातल्यांना हे सांगणे जड जाते खरे. म्हणून कपड्यापुरती रक्कम तरी आधी घ्यावी. पैसे तिच्या नावच्या खात्यात जावेत. युरियाला कमी पडले म्हणून त्यातून उचलले, तर सभासद बंधूंनी ते उसने म्हणून वहीत लिहावे आणि बिल आले की परत करावे.

चार-पाच जणी मिळून केल्यास कपडा ठोकात घेता येतो. सहकार आपल्याला नवा नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभे राहिले. तिथे पीठ केंद्रावरून घरी न्यायचे, लाटून आणायचे, माल तपासून लाटणावळ घ्यायची, अशी रीत. घर सुटत नाही आणि मालाचा दर्जा एक राहतो. गोधडीतही माप आणि टाक्याचे अंतर आधी ठरवून घेतले तर हे जमेल.

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. कुणी त्यासाठी फी मागितली तर ती नोंदणीची नव्हे, त्या मध्यस्थाची समजावी.

आणि घरात रांगते मूल असेल तर काम उचलताना सुया मोजूनच डबीत ठेवाव्यात. एक कमी भरली तर गोधडी झटकून, सुई सापडल्यावरच मुलाला त्यावर निजवावे.