साकुराला निघालो, पळसाला पोचलो!

जपानचं बुकिंग रद्द झालं. मग आम्ही दोघांनी होळीच्या लाँग वीकएण्डला गाडी काढली आणि फुलं बघायला थेट वाशीम जिल्हा गाठला. हसू नका, आधी वाचा!

'या वर्षी स्प्रिंगमध्ये कुठे?' असं ऑफिसात कुणी विचारलं, की २०२४ मध्ये वर्षभर आम्हा दोघांचं उत्तर ठरलेलं असायचं. जपान! चेरी ब्लॉसम! आणि तेही टूरवाल्यांच्या झेंड्यामागून नाही, स्वतः गाडी चालवत.

तयारी एकदम सॉलिड होती. मी एक्सेल शीट केली होती. टोकियो, मग फुजीच्या पायथ्याचं कावागुची सरोवर, तिथून डोंगरातलं ताकायामा आणि शेवटी क्योतो. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात, त्यामुळे नवरा जाम खूश होता. आरटीओत जाऊन त्याने इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटसुद्धा काढून आणलं. रात्री जेवताना आम्ही फुलांचे अंदाज वाचायचो. टोकियोच्या यासुकुनी देवळात एक ठरावीक झाड आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली, की तिथलं हवामान खातं शहरात साकुरा आल्याचं जाहीर करतं. क्योतोमध्ये तर बहराच्या नोंदी थेट सन ८१२ पासूनच्या सापडतात. बाराशे वर्षं माणसं एका फुलाची तारीख लिहून ठेवतायत, या कल्पनेनेच मी फिदा झाले होते.

आणि मग २०२५ चा जानेवारी उजाडला. एका सोमवारी सकाळी मला 'पंधरा मिनिटांच्या कॉल'चं आमंत्रण आलं. कॉल नऊ मिनिटांत संपला. टीममधून काही नावं कमी झाली होती, त्यात माझं एक होतं.

फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारांवर बेतलेला. जपान रद्द करायला आम्हाला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एक्सेल शीट मात्र मी डिलीट केली नाही. तिच्यात नवा कॉलम टाकला : 'पैसे कुठून?'

बाबांचा फोन

माझं सासर वाशीम जिल्ह्यातलं, मंगरुळपीर तालुक्यातलं. लग्नाला चार वर्षं झाली, पण मी तिकडे जेमतेम तीनदा गेले होते, तेही दिवाळीत, दोन-दोन दिवस. मैत्रिणी विचारायच्या, 'वाशीम म्हणजे वाशी का गं?' मीही हसून सोडून द्यायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी सासऱ्यांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "धुऱ्यावरचे पळस फुलले. होळीले येता का?" आणि मग, जरा थांबून, "वावराले गिऱ्हाईक आलं हाये. तेबी बोलू."

वावर म्हणजे शेत आणि धुरा म्हणजे बांध. आमचं वावर चार एकर, कोरडवाहू. सोयाबीन, त्यात तूर. बाबा आता थकलेत आणि आम्ही दोघं पुण्यात. विकायचं हे जवळपास ठरलेलंच होतं. खरं सांगते, सगळ्यात जास्त घाई मला होती. त्या नव्या कॉलममध्ये मी वावराची अंदाजे किंमत टाकून पाहिली होती आणि गृहकर्ज किती हलकं होतं याचा हिशोबही केला होता. वावर नीट पाहिलंसुद्धा नव्हतं!

बेस्ट ड्राइव्ह एव्हर

होळी होती गुरुवारी, १३ मार्चला. शुक्रवारी धुळवड आणि पुढे शनिवार-रविवार. पहाटे साडेचारला पुणे सोडलं. छत्रपती संभाजीनगरपर्यंत नेहमीचा रस्ता, तिथून समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि विदर्भ पुणेकरांना एकदम जवळ आला. सरळसोट रस्ता, ताशी १२० ची मर्यादा, ना सिग्नल ना गाव. फक्त एकच प्रॉब्लेम : इतकं सरळ, की डोळे जड व्हायला लागतात. आम्ही तासातासाने स्टिअरिंग बदललं आणि जुन्या गाण्यांच्या भेंड्या लावल्या.

मेहकर मागे पडलं आणि मी ओरडलेच, "थांब थांब, ते काय पेटलंय?"

पेटलं नव्हतं काहीच. उजाड, पिवळट माळावर एक वेडंवाकडं झाड उभं होतं. अंगावर एक पान नाही आणि फांदीफांदीवर नुसता केशरी जाळ! नवरा म्हणाला, "पळस आहे तो. एवढं काय त्यात?" एवढं काय त्यात! ज्याने साकुराच्या फोटोंची तीनशे जीबीची तयारी केली होती, तो माणूस हे बोलत होता.

पुढे शेलूबाजारला महामार्ग सोडला आणि मग काय, ओढ्याकाठी पळस, माळावर पळस, वावरांच्या धुऱ्यावर पळस. आपण म्हणतो ना, कुठेही जा, पळसाला पानं तीनच? मार्चमध्ये या. पानं शून्य असतात!

एका झाडावर एवढं काय काय

घरी पोचल्यावर जेवणं झाली आणि ऊन उतरताना बाबा आम्हाला वावरात घेऊन गेले. धुऱ्यावर सात पळस होते. दोन भरात, तीन अर्धे ओसरलेले, एक अजून कळ्यांवर आणि एक नुसताच काळा, बोडका. मला गंमत वाटली. जपानमध्ये सगळीकडे दिसणारा सोमेई-योशिनो जातीचा साकुरा कलमांनी वाढवलेला असतो. म्हणजे सगळी झाडं एकाच झाडाच्या प्रती, म्हणून ती एकाच वेळी फुलतात आणि आठवडाभरात झडतात. पळस उगवतो बियांपासून. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आणि मुहूर्तही वेगळा.

फूल हातात घेऊन पाहिलं तर पोपटाच्या चोचीसारखं वाकडं. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नाही ना?' वास अजिबात नाही, पण आत मध भरपूर. साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी यांची नुसती झुंबड उडाली होती. खारीसुद्धा पार्टीला हजर! फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात आणि पानांच्या पत्रावळी-द्रोण होतात. फुलं पाण्यात उकळली की केशरी-पिवळा रंग निघतो. आईंनी त्याची बादली आदल्या दिवशीच तयार ठेवली होती. धुळवडीला माझा पांढरा कुर्ता त्याच रंगाने माखला आणि डोळ्यांची, त्वचेची अजिबात आग झाली नाही.

मला पानगे खायचे होते. नवऱ्याने लग्नाआधी त्यांचं इतकं कौतुक केलं होतं! पळसाच्या पानांत कणकेचा गोळा ठेवून गोवऱ्यांवर भाजतात. मी फर्माईश केली तर आई हसायलाच लागल्या. "आता पानं कुठी हायेत बाई? पानगे पावसाळ्यानंतर. आता रोडगे खा." रोडग्यांना पान लागत नाही, ते थेट गोवऱ्यांच्या निखाऱ्यात. वर तुपाची धार, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. पुण्यातल्या फाइव्ह स्टारवाल्यांनी हे एकदा खाऊन बघावंच.

कामदेवाचं गाव, बॉस!

शुक्रवारी सकाळी गावाशेजारच्या बंजारा तांड्यावर गेलो. वर्षाच्या आत जन्मलेल्या बाळाचा 'धुंड' होता, म्हणजे होळीतलं त्याच्या स्वागताचं कार्य. आरसे जडवलेल्या घागऱ्यातल्या आज्या लेंगी गात फेर धरून नाचत होत्या. लेंगी म्हणजे त्यांची होळीची गाणी. मला एक शब्द कळला नाही, पण एका आजीने हात धरून आत ओढलं आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा मी इतकी मनमोकळी हसले. दुपारी मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला गेलो. बंजारा समाजाची ही काशी. सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. नंगारा या वाद्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय इथे ५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. ते अजिबात चुकवू नका.

शनिवारी वाशीम शहर. नवऱ्याची शाळा, बालाजी मंदिर, पद्मतीर्थ. आणि इथे मला माझ्या सासरचा खरा इतिहास कळला. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच घराण्याचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं खोदवलं. पण सगळ्यात भारी गोष्ट पुढेच आहे. राजशेखर नावाच्या कवीने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात विदर्भातल्या वत्सगुल्माला कामदेवाचं क्रीडास्थान म्हटलंय. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं गांधर्व लग्न त्याने इथेच लावून दिलंय. म्हणजे चक्क लव्ह मॅरेज! मी नवऱ्याला म्हटलं, "कामदेवाच्या गावचा तू, आणि मला प्रपोज केलंस मेसेज करून?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

धुऱ्यावरची मीटिंग

वावराचा विषय मात्र अजून कुणी काढला नव्हता. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं पुन्हा धुऱ्यावर बसलो. बाबांनी सांगितलं, घेणारा शेजारच्याच गावचा आहे. दोन वावरं एक करणार, धुरा मोडणार, जेसीबी लावून सपाट करणार. भाव बरा देतोय.

"आणि हे पळस?" मी विचारलं.

"जातीन," बाबा म्हणाले. "हे झाडं म्या नाई लावले, माह्या बापानंबी नाई लावले. आपोआप आले. म्हून त्याईची किंमत कोनी धरत नाई."

माझ्या एक्सेल शीटमध्येही ती धरलेली नव्हती. यासुकुनीच्या एका झाडाची पाच फुलं मला माहीत होती, क्योतोच्या बाराशे वर्षांच्या तारखा माहीत होत्या. पण आपल्या स्वतःच्या वावरात सात झाडं फुलतात, हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. बाबांना मात्र प्रत्येक झाडाची वेळ पाठ होती. कोपऱ्यातलं सगळ्यात आधी, विहिरीजवळचं सगळ्यात उशिरा.

मी म्हटलं, "बाबा, एक वर्ष थांबू या का?"

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. घाई मलाच होती, हे त्याला माहीत होतं.

बाबा काही फिल्मी हिरोसारखे भावुक वगैरे झाले नाहीत. म्हणाले, "फुलाइनं पोट भरत नाई, सूनबाई. मक्त्यानं देलं तं किती येते, ते लिही तुह्या कागदात."

लिहिलं. चार एकर कोरडवाहू जमिनीचा वर्षाचा मक्ता आमच्या फ्लॅटच्या दोन हप्त्यांनाही पुरत नव्हता. रात्री अंगणात खाटेवर पडून आम्ही दोघं बराच वेळ बोललो. भांडलोसुद्धा, हळू आवाजात. त्याचं म्हणणं, तुझी नोकरी नाही, उगाच इमोशनल होऊ नकोस. माझं म्हणणं, नोकरी गेली ती परत मिळेल, हे गेलं तर परत नाही. शेवटी ठरलं : एक वर्ष. गाडी बदलायचा विचार रद्द, बाहेरचं जेवण महिन्यातून एकदा आणि वावर मक्त्याने. करारात एक अट घालायची, धुऱ्यावरच्या झाडांना हात लावायचा नाही.

रविवारी परतताना कारंजाकडून वळसा घेतला. कारंजा-सोहोळ अभयारण्यात सकाळच्या उन्हात काळविटांचा कळप दिसला. मागे पुन्हा तोच केशरी जाळ.

मला जूनमध्ये नोकरी मिळाली, आधीपेक्षा कमी पगाराची. हप्ता ओढाताण करूनच जातो. वर्षानंतर काय, हे आम्हालाही माहीत नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गेलो तेव्हा पळसांना पानं होती, तीन-तीन. पानगे खाल्ले. एक्सेल शीटमध्ये आता सात ओळी आहेत, एकेका झाडाची एक. कोणतं कधी फुललं, ते बाबा फोनवर सांगणार आणि मी लिहिणार.

जपानला जाऊच कधीतरी. परमिट तेवढं नव्याने काढावं लागेल, वर्षभरच चालतं ते!

तुम्हीही जाताय?

कधी : फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. दुपारी ऊन चाळिशीला टेकतं, त्यामुळे भटकंती सकाळी आणि संध्याकाळीच.

कसं : पुण्याहून छत्रपती संभाजीनगरमार्गे समृद्धी. वाशीमसाठी मालेगाव जहांगीर, मंगरुळपीरसाठी शेलूबाजार, कारंजासाठी कारंजा लाड इथे बाहेर पडा. रेल्वेने अकोला गाठून पुढे रस्त्यानेही जाता येतं.

गाडी : निघण्याआधी टायर आणि हवा तपासा. उन्हात वेगाने टायर तापतात. दर दोन तासांनी थांबा, ड्रायव्हर बदला. पाणी आणि खाऊ सोबत ठेवा.

काय बघाल : वाशीमचं बालाजी मंदिर, शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव कारंजा, पोहरादेवी.

काय खाल : रोडगे, ठेचा, वांग्याची भाजी. पानग्यांसाठी पावसाळ्यानंतर या.

एक विनंती : फोटोसाठी फांद्या तोडू नका. रंगासाठी खाली पडलेली फुलं भरपूर असतात.