माळढोक दिसला नाही, तरी नान्नजला का थांबायचं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले, 'भाऊ, वाळवंटातलं नॅशनल पार्क दाखव की.' आता परभणीहून जैसलमेर म्हणजे गाडीचा आणि खिशाचा दोन्हीचा दम निघायचा. पण तिथला सगळ्यात मोठा हिरो एकेकाळी आपल्याकडं, सोलापूरजवळच्या नान्नजला, फिरायचा. तो म्हणजे माळढोक. म्हणून सोलापूरला जाताना मुद्दाम तिथं थांबलो.

मी आणि मावसभाऊ. गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, येरमाळा करत रात्री बार्शीत मुक्काम टाकला आणि पहाटे वैरागमार्गे नान्नज गाठलं. डिसेंबर होता. परभणीच्या थंडीत वाढलेल्या माणसाला थंडीचं कौतुक नाही, पण उघड्या माळावरचं वारं कानात घुसतं बरं का.

पहिल्यांदा बघितल्यावर भाऊ म्हणाला, 'अबे, हे काय? इथं तर काहीच नाही.' खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. झाडं नाहीत, डोंगर नाही, गुडघ्याएवढं पिवळं गवत आणि वर आभाळ. पण तासभर गप बसलो आणि 'काहीच नाही' हळूहळू हलायला लागलं. आधी काळवीट दिसले. नर वयात येईल तसा गडद होत जातो, त्यामुळं कळपातला म्हातारा लगेच ओळखू येतो. मग गवतावरून खालून खालून तरंगत एक भोवत्या गेला. हा ससाण्यासारखा शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतो आणि रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतो. गवत गेलं की त्याची खोलीच गेली.

आता माळढोकाचं. नर पंधरा किलोपर्यंत भरतो आणि उभा राहिला की जवळजवळ मीटरभर उंच. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार जगात थोडेच. मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालते. ते कुत्र्यानं खाल्लं, गुराच्या पायाखाली आलं, की त्या खेपेचा हिशोब शून्य. शिकार झाली, माळ नांगरले गेले, आणि आता देशात दीडशेच्या आसपासच उरलेत, त्यातले बहुतेक जैसलमेरकडं. तिथलं डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं. २०११ पासून हा पक्षी जगाच्या 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे.

नान्नजची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. आपल्या अख्ख्या परभणी जिल्ह्यापेक्षा मोठं! त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. प्रत्यक्षात राखलेलं गवत म्हणजे विखुरलेले तुकडे. पण कागदावर अभयारण्य असल्यानं जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांना पक्ष्याचाच राग यायला लागला. २०१२ मध्ये हद्द कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. तोवर माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. माझं मत विचाराल तर इतकी मोठी हद्द आखणं ही पक्ष्यावर माया नव्हती, नकाशावर पेन्सिल फिरवणं होतं. राग येणाऱ्या शेतकऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

तिथं एक मेंढपाळ मामा भेटले. विचारलं, 'मामा, माळढोक दिसतो का हो?' ते हसले. 'आमच्या लहानपणी दिसायचा बाबा. आता तुमच्यासारखी पोरंच दिसत्यात, कॅमेरे घेऊन.' मग स्वतःच म्हणाले, 'गवत हाय तवर मेंढरं हायत.' आणि काठी टेकत निघून गेले.

आता मुद्द्याची गोष्ट: विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळं आजूबाजूचं झकास दिसतं पण समोरचं कमी. उडताना मान खाली करून जमीन न्याहाळत असेल तर समोरची तार दिसतच नाही. दिसली तरी एवढं वजन झटकन वळवता येत नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सौर आणि पवन ऊर्जाही देशाला हवीच आहे. दोन्ही बाजूंना वजन आहे, हे गंमतीत उडवण्यासारखं नाही.

हे सगळं मला लागायचं कारण घरचं आहे. जिंतूरकडं आमचा थोडा माळ आहे. सातबारावर पडीक. सोलर प्लांटसाठी तो भाड्यानं मागायला माणसं येऊन गेलीत. पिकत काही नाही, वर्षाला ठरलेले पैसे मिळतील, बहिणीचं शिक्षण निघेल. पप्पांनी जवळजवळ होकार दिलाय. आणि मी इथं उभा राहून मोज्यात अडकलेली कुसळं काढत होतो. हीच कुसळी, हेच पवन्या गवत आमच्या माळावर आहे. लहानपणी तिथं टिटवीची अंडी बघितलीत, एकदा संध्याकाळी कोल्हा बघितलाय. माळढोक तिथं कधी होता का, माहीत नाही. पण 'काहीच नाही' असंही नाही.

गाडीत बसल्यावर पप्पांना फोन लावला. म्हणलं, 'पप्पा, सही करायच्या आधी मी येतो. एकदा सकाळी माळावर जाऊन बसू.'

'तिथं काय बघायचंय रे?'

'ते तिथंच सांगतो.'

'ये मग रविवारी,' म्हणाले. 'आणि टोपी घाल, वारं लई सुटलंय.'