हंगाम दुकानाचा, हंगाम मुलांचा

मे महिना सरत आला की जुन्या पनवेलच्या कापडबाजारात वर्दळ वाढते. गणवेशाचे कापड, दप्तरे, वह्या, छत्र्या, रेनकोट यांची खरेदी दोन-तीन आठवड्यांत उरकायची असते. व्यापारी घरांसाठी हा हंगाम. दुकान वाढवून घरी परतेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. आणि नेमक्या याच दिवसांत घरातील मूल नव्या इयत्तेच्या उंबरठ्यावर उभे असते. त्याचे दप्तर सर्वांत आधी येते. त्याची विचारपूस मात्र हंगाम संपेपर्यंत लांबणीवर पडते.

राज्य मंडळाच्या शाळा, विदर्भ वगळता, जूनच्या मध्यास उघडतात. त्यापूर्वीचे दहा-बारा दिवस मनाच्या तयारीसाठी पुरेसे असतात. सुट्टीत साडेअकराला झोपणारे मूल एका रात्रीत नऊला झोपू शकत नाही. परंतु रोज पंधरा मिनिटे अलीकडे आणल्यास दहा दिवसांत अडीच तासांचे अंतर सहज भरून निघते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप आवश्यक असते. सूर्यास्तापूर्वी भोजनाची प्रथा पाळणाऱ्या घरांना हे अवघड नसावे. अडचण इतकीच, की वडिलांच्या वाटेकडे डोळे लावून मूल जागत राहते. अशा वेळी गप्पांची वेळ सकाळी ठेवावी. चौथीपर्यंतचे वर्ग नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. त्यामुळे लहान मुलांच्या घरी सकाळचा अर्धा तास मिळू शकतो. मोठ्या मुलांसाठी भागीदारीतील भावांनी आळीपाळीने संध्याकाळी लवकर घरी यावे.

मुलाची भीती सहसा भीतीच्या नावाने बाहेर पडत नाही. ती पोटदुखी होते, चिडचिड होते, आईला बिलगणे होते. ‘त्यात घाबरायचे काय?’ या प्रश्नाने ती आणखी आत जाते. शेजारी कोण बसेल, स्वच्छतागृह कोठे असेल, बस चुकली तर काय, असे एकेक प्रश्न विचारल्यास ती मोकळी होते. जुन्या पनवेलमधून खारघर वा कामोठ्यात राहावयास गेलेल्या कुटुंबांत शाळेबरोबर मित्रही बदलतात. तेथे शाळा उघडण्यापूर्वी मुलाला एकदा तरी नव्या रस्त्याने नेऊन आणावे.

डब्याचा प्रश्नही छोटा नाही. ‘तू बटाटा का खात नाहीस?’ असे नव्या वर्गात कोणीतरी विचारतेच. ‘आमच्या घरी कंदमुळे खात नाहीत, पण हा खाकरा घेऊन बघ,’ इतके साधे उत्तर घरी आधी बोलून पाहिलेले असले, तर मूल ना लाजते, ना इतरांना कमी लेखते.

पाचवी आणि आठवीत जाणाऱ्यांच्या मनावर वेगळे ओझे असते. राज्यात २०२३-२४ पासून या इयत्तांना वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले आहे. परंतु अनुत्तीर्ण मुलाला मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते, हेही त्याला त्याच वेळी सांगावे. नवी वही घालताना व्यापारी मागील बाकी पुढे ओढतो. मुलाच्या नव्या वर्षात मात्र गतवर्षीचे गुण बाकी म्हणून ओढू नयेत. एकत्र कुटुंबात चुलत भावंडांच्या गुणांची तुलना जेवताना सर्वांदेखत होते, ती या दिवसांत तरी टाळावी.

शाळा सुरू होऊन काही आठवडे लोटल्यावरही रोज सकाळी पोट दुखत असेल, झोप उडाली असेल किंवा मूल शाळेचे नावही काढू देत नसेल, तर वर्गशिक्षकांशी व बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

पहिल्या दिवशी मूल भिजलेल्या रेनकोटासह घरी येईल, तेव्हा ‘काय शिकवले?’ याआधी ‘शेजारी कोण बसले?’ हे विचारायला वडील घरी असावेत. गल्ल्यावर त्या दिवशी घटकाभर दुसऱ्या कोणी बसले, तरी हंगाम बुडत नाही.