पक्कं बिल, घरफाळा आणि शिरोलीचा नाका

कोल्हापुरातून पुण्याकडे निघालं की पंचगंगेचा पूल ओलांडताच पुलाची शिरोली लागते आणि महामार्गालगत एमआयडीसीचे शेड सुरू होतात. इथल्या भट्ट्यांमधून ओतलेलं कास्टिंग देशभरातल्या वाहन, पंप आणि यंत्रांच्या कारखान्यांत जातं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि शहरातलं जुनं शिवाजी उद्यमनगर मिळून कोल्हापूर पट्ट्यात तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत. ऊस आणि गुळाच्या या मुलखात पाणी उपसायला ऑईल इंजिनं लागत होती. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी ती घडवायला घेतली आणि त्या मेस्त्रीकामातून हा धंदा उभा राहिला.

शिरोलीतला एखादा फौंड्रीवाला वर्षभरात कुणाकुणाला पैसे भरतो, हे एकदा ओळीनं पाहण्यासारखं आहे. जीएसटी केंद्राला आणि राज्याला. प्राप्तिकर केंद्राला. विजेच्या बिलातलं वीज शुल्क राज्याला. पाणी आणि सेवा शुल्क एमआयडीसीला. शेडचा घरफाळा ग्रामपंचायतीला. यातले बरेच मालक राहायला कोल्हापूर शहरात, म्हणजे तिथला घरफाळा महापालिकेला वेगळाच. मतदान ते शहरात करतात, पण ज्या रस्त्यावरून त्यांचा ट्रक भट्टीपर्यंत येतो त्या रस्त्याच्या खड्ड्याचा जाब महापालिकेच्या नगरसेवकाला विचारता येत नाही.

कर भरणं आणि जाब विचारणं यांच्यातला हा तुटलेला सांधा जगभरच्या अभ्यासकांना गेली काही वर्षं खुणावतो आहे. टिमोथी बेस्ली आणि टॉर्स्टन पर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये एका लेखात सरळ प्रश्न टाकला होता: विकसनशील देश इतका कमी कर का गोळा करतात? गरीब देशांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 10 ते 20 टक्के कर जमा होतो, श्रीमंत देशांत 40 टक्क्यांच्या आसपास. भारतात केंद्र आणि राज्यं मिळून हा आकडा 17-18 टक्क्यांच्या घरात राहिला आहे. केवळ दर कमी म्हणून हे घडतं, असं त्यांचं उत्तर नव्हतं. अर्थव्यवस्थेची घडण, कर गोळा करणारी यंत्रणा, राजकारण आणि लोकांच्या मनातली कर भरण्याची रीत, या सगळ्यांचा त्यात हात आहे.

यंत्रणेपासून सुरुवात करू, कारण शिरोलीत ती रोज कागदावर दिसते. जीएसटीसारख्या मूल्यवर्धित कराची सगळी मदार पावतीच्या साखळीवर असते. विकणारा जे बिल देतो तेच घेणाऱ्याच्या खात्यात वजावट म्हणून उमटतं, त्यामुळे दोघं एकमेकांचे पहारेकरी होतात. दीना पोमेरान्झ यांनी चिलीमध्ये एक लाखाहून जास्त कंपन्यांना तपासणीचा इशारा देणारी पत्रं पाठवून हे तपासलं. त्यांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पत्राचा धसका घेऊन जास्त कर भरला गेला तो मुख्यतः शेवटच्या ग्राहकाला विकताना, जिथे बिल मागणारं कुणी नसतं. कंपनी-कंपनीतल्या व्यवहारांत मुळातच लपवाछपवी कमी होती, कारण तिथे कागद होता. ब्राझीलमधल्या साओ पाउलो राज्यानं हेच ओळखून ग्राहकालाच पावती मागण्यासाठी बक्षीस आणि परतावा देऊ केला. जोआना नारितोमी यांच्या अभ्यासानुसार चार वर्षांत किरकोळ विक्रेत्यांनी दाखवलेली उलाढाल किमान 21 टक्क्यांनी वाढली.

शिरोलीत साखळी तुटते ती दुसऱ्या टोकाला, भंगारात. भट्टीचा कच्चा माल म्हणजे पिग आयर्न आणि भंगार. हे भंगार गल्लीबोळांतून, गॅरेजांतून, मोडीत निघालेल्या यंत्रांतून गोळा होतं आणि गोळा करणारा बहुधा नोंदणी नसलेला असतो. तो माल दोन-तीन हातांतून फिरून फौंड्रीच्या काट्यावर येईपर्यंत कुठेतरी पक्कं बिल जन्माला यावं लागतं. ते कधी खरं असतं, कधी नुसतं कागदावरचं.

समजा, एका फौंड्रीनं एक लाखाचं भंगार घेतलं आणि वर 18 टक्क्यांनी 18 हजार जीएसटी दिला. त्यातून ओतलेलं कास्टिंग 1 लाख 60 हजारांना विकलं, त्यावर 28 हजार 800 कर झाला. वजावट मिळाली तर फौंड्रीनं 10 हजार 800 भरायचे. पण भंगार देणाऱ्यानं आपला कर भरलाच नाही, तर कायद्याच्या कलम 16 नुसार घेणाऱ्याची वजावट अडकते. मग तेच 18 हजार फौंड्रीला दुसऱ्यांदा भरावे लागतात. चूक तिसऱ्याची, भुर्दंड ज्याचा पत्ता सरकारला ठाऊक आहे त्याला. दर महिन्याला पोर्टलवरचं विवरण आणि खरेदीची वही जुळवताना कोणत्या भंगारवाल्याचं बिल दिसत नाही याची फोनाफोनी हा इथल्या अकाउंट्सच्या माणसाचा ठरलेला उद्योग आहे. ऑक्टोबर 2024 पासून सरकारनं नियम बदलले. नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या भंगाराचा कर आता घेणाऱ्यानंच भरायचा आणि त्याचीच वजावट घ्यायची. नोंदणीकृत विक्रेत्याच्या मोठ्या व्यवहारातून 2 टक्के कापून भरायचे. तुटलेली कडी जोडायचा हा प्रयत्न योग्य दिशेचा आहे. पण पहारेकऱ्याचं काम त्यानं पुन्हा कारखानदाराच्याच गळ्यात घातलं, हेही खरं.

भर पडते उधारीची. जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा, मोठ्या कंपनीकडून पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी येणार. म्हणजे न आलेल्या पैशावरचा कर छोटा उद्योजक स्वतःच्या खिशातून किंवा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून भरतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजा करता येणार नाही, अशी तरतूद प्राप्तिकर कायद्यात आता आहे. पण ज्याच्या ऑर्डरवर भट्टी चालते त्याच्याशी कायद्याची भाषा बोलणं छोट्याला परवडत नाही.

यंत्रणेची गोष्ट इथे संपते आणि विश्वासाची सुरू होते. त्यासाठी शिरोलीचा नाका आठवावा लागतो.

शिरोली वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. शहरात उतरणाऱ्या मालावर जकात होती. 2011 मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, त्याविरुद्ध राज्यभरच्या व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले आणि ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींखालच्या उलाढालीसाठी तोही गेला. याच काळात कोल्हापुरात टोलचा प्रश्न पेटला. शहरातले 49.99 किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर खासगी कंपनीकडून करून घेण्यात आले आणि शहराच्या वेशीवर नऊ टोलनाके उभे राहिले. शिरोलीचा नाका त्यांतलाच. वसुली ऑक्टोबर 2013 मध्ये सुरू झाली. त्याआधीपासूनच शहर रस्त्यावर होतं. ऐंशी ओलांडलेले प्रा. एन. डी. पाटील मोर्च्याच्या पुढे चालत होते, कॉम्रेड गोविंद पानसरे सोबत होते. सर्वपक्षीय कृती समितीत एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एकत्र बसले. जानेवारी 2014 मध्ये जमावानं नाके पेटवले. डिसेंबर 2015 मध्ये राज्य सरकारनं टोल रद्द करत असल्याचं जाहीर केलं.

या आंदोलनाकडे ‘फुकट रस्ते हवेत’ एवढ्याच नजरेनं पाहणं अन्यायाचं होईल. आंदोलकांचे प्रश्न हिशेबाचे होते. रस्त्यांवर खरा खर्च किती झाला? अपुरी राहिलेली कामं कोण पुरी करणार? तीस वर्षं वसुली करायची हे कुणी, कुणाला विचारून ठरवलं? मार्गारेट लेव्ही या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी 1988 मधल्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं की माणसं अर्धी धाकानं आणि अर्धी राजीखुशीनं कर भरतात. राज्यकर्ता आपला शब्द पाळतो आणि शेजारीही भरतो, याची खात्री असेपर्यंत ती राजीखुशी टिकते. कोल्हापुरात पहिल्या अटीवरच बिनसलं. नाके पेटवणं समर्थनीय नाही, पण त्यामागे विचारलेले प्रश्न एका जागरूक करदात्याचे होते.

हद्दवाढीचा वाद याच गाठीवर अडला. कोल्हापूर 1972 मध्ये महापालिका झालं, क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर. त्यानंतर कितीतरी प्रस्ताव गेले, त्यांत शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतीही होत्या. शहराला वाढायला जागा आणि उत्पन्न हवं होतं. गावांना आणि कारखानदारांना भीती होती की कर शहराचे लागतील आणि सोयी गावाच्याच राहतील. अखेर 2017 मध्ये 42 गावांसाठी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमून मधला मार्ग काढण्यात आला. म्हणजे आणखी एक संस्था वाढली आणि तिलाही थेट निवडून कुणी देत नाही.

शिरोलीपासून हजारो मैल दूर, काँगोमधल्या कनांगा शहरात जोनाथन वायगेल यांनी 2016 मध्ये केलेला अभ्यास इथे फार जवळचा वाटतो. निवडक वस्त्यांमध्ये वसुली कर्मचारी पहिल्यांदाच दारोदार जाऊन घरपट्टी मागू लागले. आधी हजारात एखादा भरत असे, आता शंभरात अकरा-बारा भरू लागले. पण खरी नवलाई पुढे होती. ज्या वस्त्यांत वसुली झाली तिथले लोक सरकारी सभांना जास्त येऊ लागले, कारभारावर लेखी मत देऊ लागले. कर मागितला गेला आणि लोकांनी हिशेब मागितला. त्याच शहरात 2018 मध्ये काही वस्त्यांत सरकारी माणसांऐवजी वस्तीच्या मुखियांना वसुली दिली, तेव्हा 44 टक्के जास्त महसूल आला. कोण भरू शकतो आणि कोण खरंच अडचणीत आहे, हे मुखियाला घरबसल्या ठाऊक होतं.

स्थानिक माणसाच्या हाती वसुली देण्यातला धोकाही खरा आहे. पाकिस्तानातल्या पंजाबात कर्मचाऱ्यांना वसुलीवर बक्षीस ठेवलं तेव्हा महसूल वेगानं वाढला, पण ज्यांची घरं नव्यानं नोंदली गेली नाहीत त्यांच्याकडून लाचही जास्त घेतली गेली. या कोड्याची जाण कोल्हापूरच्या मुलखाला नवी नाही. गगनबावड्याची जहागीर सांभाळणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात साहुकारांसाठी वेगळं प्रकरण दिलं आणि वतनदारांसाठीही. वतनदार हा राज्याचा वाटेकरीच, त्याला मोडायचं नाही आणि मोकळंही सोडायचं नाही, असा तिथला सूर आहे.

शिरोलीत या वाटेकऱ्यांची नावं बदलली आहेत: ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि उद्योजकांची संघटना ‘स्मॅक’. वसाहतीतल्या घरफाळ्यावरून राज्यभर ग्रामपंचायती आणि कारखानदार वर्षानुवर्षं भांडत आले. कारखानदार म्हणतात, रस्ते-पाणी एमआयडीसी देते, मग तुम्हाला कशाचे पैसे? गावं म्हणतात, जमिनी आमच्या गेल्या, कामगार आमच्या गावठाणात राहतात, सांडपाणी आमच्या ओढ्याला येतं. दोघांचंही खरं आहे. वसाहतीतला कर एमआयडीसीनं गोळा करून निम्मा ग्रामपंचायतीला द्यावा, अशी वाटणी राज्य सरकारनं 2019 मध्ये पुढे केली. वाटणीचा आकडा ठरवणं त्यातलं सोपं काम होतं.

त्या निम्म्याचं काय झालं, हे विचारायची जागा मात्र अजून तयार झालेली नाही. ग्रामसभेत गावचा मतदार बोलू शकतो, शहरात राहणारा कारखानदार नाही. एमआयडीसीच्या कार्यालयात कारखानदार जाऊ शकतो, पण तिथे ग्रामस्थाला खुर्ची नाही. ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि स्मॅक यांची वर्षातून एकदा जाहीर बैठक व्हावी, वसाहतीतून किती घरफाळा आला, किती रस्त्यावर, किती गटारीवर आणि किती कामगारांच्या वस्तीवर गेला, ते आकडे फलकावर लागावेत आणि फौंड्रीवाल्याला नि गावकऱ्याला एकाच सभेत प्रश्न विचारता यावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मार्चअखेर झाली की ताळेबंद तसाही लिहायचाच असतो.