चिमूटभर म्हणजे नक्की किती? सरबताच्या धंद्यातलं मीठ

मार्च लागला की पुण्यात सरबताचा सीझन सुरू होतो आणि आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, घरी सगळे म्हणतात सरबत भारी झालंय, मग स्टॉलवर रोज वेगळं का लागतं?" मी उलट विचारतो, साखर कशी मोजता? वाटीने. लिंबाचा रस? मापाने. आणि मीठ? इथे सगळे हाताची चिमूट दाखवतात. तुमची चिमूट वेगळी, तुमच्या वहिनींची वेगळी, आणि दुपारी मदतीला येणाऱ्या मुलाची तर त्याहून वेगळी. सीझन जेमतेम तीन महिन्यांचा आणि भांडवल घरातलं. ३० रुपये देऊन गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही तर का आलं नाही, हे ते सांगायला येत नाही.

आधी मीठ काय करतं ते समजून घ्या. मीठ कडवटपणा दाबतं. ब्रेस्लिन आणि बोशां या अमेरिकन संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये हेच मांडलं होतं. कडू बाजूला झालं की गोडवा आणि फळाचा वास पुढे येतो. लिंबाच्या सरबतात याचा फायदा जास्त, कारण लिंबू जोरात पिळलं की सालीचा आणि बियांचा कडवटपणा रसात उतरतो, आणि काढून ठेवलेला रस हळूहळू आणखी कडवट होतो. पण एक लक्षात ठेवा, जास्तीचं आंबट मिठाने सुटत नाही. कैरी फार आंबट निघाली तर पन्ह्यात गूळ किंवा पाणी वाढवा. मीठ वाढवत गेलात तर ते आंबटही राहील आणि वर खारटही होईल.

आता माप. मेजरिंग जगमध्ये १०० ग्रॅम मीठ वजन करून घ्या आणि उकळून गार केलेलं पाणी ५०० मिलीच्या खुणेपर्यंत भरा. चांगलं ढवळा, बाटलीत भरा, वर तारीख लिहा. झालं मिठाचं पाणी. याच्या १ मिलीत ०.२ ग्रॅम मीठ असतं. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची नवी सिरिंज आणा, ती फक्त याच कामाला. २०० मिलीच्या ग्लासला २ मिली, म्हणजे ०.४ ग्रॅम, इथून सुरुवात करा. एक बाटली २५० ग्लासांना पुरते. जाडं मीठ, बारीक मीठ हा घोळही संपला, कारण चमच्यात दोन्हीचं वजन वेगळं भरतं, पण वजन करून विरघळवलं की काही प्रश्न नाही.

मग चार ग्लास मांडा. पहिल्यात शून्य, पुढच्यांत १, २ आणि ३ मिली. बर्फ घालून, गिऱ्हाइकाला द्याल तेवढंच गार करून चाखा. कोमट चाखून माप ठरवलं तर फसाल, कारण गार झाल्यावर गोडी कमी लागते. ज्या ग्लासात मीठ "कळतं" त्याच्या एक पाऊल मागे या. ते तुमचं माप. घरच्यांना चाखायला द्या, पण कोणत्या ग्लासात किती ते सांगू नका (सासूबाईंनाही नाही!).

कोकमात मात्र सावध. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस; त्यात मीठ आधीच असतं, आणि प्रत्येक बनवणाऱ्याचं प्रमाण वेगळं. आगळ वापरत असाल तर वरून मीठ शून्य धरा आणि नवीन कॅन उघडला की पुन्हा चाखा. अमृत कोकम हे साखरेचं सिरप, तिथे मिठाचं पाणी आणि जिरेपूड दोन्ही लागतात. काळ्या मिठाला गंधकाचा वास असतो. जलजिऱ्यात, मसाला सोड्यात तो हवाच, पण केशर-वेलची घातलेल्या पन्ह्यात मी तो अजिबात घालणार नाही. महागाचं केशर झाकून टाकायला पैसे कशाला खर्च करायचे? उपवासाला बऱ्याच घरांत सैंधवच चालतं, म्हणून एकादशीला सैंधवाची वेगळी बाटली ठेवा आणि तशी पाटी लावा.

"मिठामुळे साखर वाचते, नफा वाढतो" असं कुणी सांगितलं तर हिशोब मांडा. ग्लासमागे ३ ग्रॅम साखर कमी झाली आणि साखर ४५ रुपये किलो धरली, तर वाचले साडेतेरा पैसे. १०० ग्लासांमागे साडेतेरा रुपये. यावर घर चालत नाही. एक ग्लास बिघडून ओतला तर त्याच्या दुप्पट जातात. फायदा आहे तो शंभरावा ग्लास पहिल्यासारखा लागण्यात.

ब्लड प्रेशरवाले गिऱ्हाईक असतातच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तुमच्या ग्लासात ०.४ ग्रॅम आहे, हे तुम्हाला आता आकड्यात सांगता येतं. "मीठ चालेल ना?" एवढं विचारायची सवय लावा. पुढे बाटलीबंद विकायला गेलात की लेबलवर सोडियम लिहायची वेळ येईल. १ ग्रॅम मिठात साधारण ३९० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे तुमच्या ग्लासात १५६ च्या आसपास. वहीत आत्ताच लिहून ठेवा.

ताकाचं गणित वेगळं आहे, कारण तिथे आंबटपणा दर तासाला वाढत जातो. ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो.