परदेशी निघताना मोटारसायकल विकताय? आधी नाव उतरवा

वसई-विरारमधलं एखादं कुटुंब परदेशी स्थायिक व्हायला निघालं की शेवटच्या दोन महिन्यांत घर रिकामं होऊ लागतं. कपाट जातं, सोफा जातो, फ्रिज शेजारच्या मजल्यावर जातो आणि खाली उभी असलेली मोटारसायकलही विकायला निघते. तिकिटं, तिकडच्या घराची अनामत, पहिलं भाडं यांची जुळवाजुळव चालू असताना तिचे पन्नास-साठ हजार मोठा आधार देतात. पण फ्रिज कुणाच्या नावावर नसतो, मोटारसायकल असते. मालक टोरंटोत किंवा मस्कतमध्ये पोहोचला तरी ते नाव आरटीओच्या नोंदीत तसंच राहू शकतं. या व्यवहाराबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षातून आले आहेत.

सगळ्यात घातक गैरसमज असा: ‘टीटी फॉर्मवर सह्या केल्या, चावी दिली, पैसे घेतले, आता माझा काय संबंध?’ संबंध पूर्ण राहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं. त्या प्रकरणातली मोटार मूळ मालकाने २००७ मध्येच विकली होती. पुढे ती हातोहाती फिरली, नोंदीत मात्र पहिल्याचंच नाव राहिलं आणि २००९ मध्ये अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावर ठेवली. अपघातात माणूस गमावलेल्या घराने गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत फिरायचं नाही, हे त्यामागचं कारण आणि ते अगदी न्याय्य आहे. आता नालासोपाऱ्यात विकलेल्या दुचाकीचा विचार करा. घेणाऱ्याने विम्याचं नूतनीकरण केलं नाही, कुणाला धडक दिली, तर नोटीस तुमच्या वसईच्या पत्त्यावर येणार. तिथे बहुधा वयस्कर आई-वडील राहत असणार. त्यांच्या हातात कोर्टाचा कागद पडावा, हे कुणालाच नको असतं.

म्हणून काय करायचं? कायद्याच्या कलम ५० नुसार, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. राज्याबाहेर विकली तर त्याला ४५ दिवस मिळतात. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं. विकणाऱ्याची सूचना नमुना २९ मध्ये असते आणि नाव बदलण्याचा अर्ज नमुना ३० मध्ये. रोज बोलण्यातले टीटी फॉर्म ते हेच. त्यांवर नुसत्या सह्या करून उपयोग नाही. ते दाखल व्हावे लागतात आणि नोंदीत नवं नाव चढावं लागतं. कोऱ्या फॉर्मवर सही करून तो एजंटच्या किंवा घेणाऱ्याच्या स्वाधीन करू नये. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करावी आणि प्रत स्वतःजवळ ठेवावी.

‘पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार केलाय, नोटरीचा शिक्का आहे’ हेही खूप ऐकू येतं. असा करार जरूर करावा. त्यात तारीखच नव्हे, ताबा दिल्याची वेळही लिहावी. पण तो तुमच्या दोघांमधला पुरावा आहे. उद्या घेणाऱ्याकडून पैसे वसूल करायला तो कामी येईल. अपघातग्रस्तावर मात्र तो बंधनकारक नाही आणि त्याने आरटीओच्या नोंदीतलं नाव बदलत नाही.

जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला विकली की प्रश्न मिटतो, हा समज अर्धाच खरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा दुकानदारांना आरटीओकडून प्राधिकारपत्र घेणं बंधनकारक केलं आहे. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची माहिती नमुना २९सी मध्ये ऑनलाइन नोंदवली जाते आणि मग तो मानीव मालक ठरतो. ज्यांच्याकडे दिवस कमी आहेत त्यांच्यासाठी ही सोय सगळ्यात चांगली आहे, असं मला वाटतं. दोन-चार हजार कमी मिळाले तरी चालतील. मात्र दुकानदाराकडे प्राधिकारपत्र नसेल, तर तुमच्यापुरता तो कुणीही एक गिऱ्हाईकच.

‘मी जातो, भाऊ बघेल पुढचं’ हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य. भाऊ मनापासून बघेलही, पण व्यवस्था त्याला ओळखत नाही. नाव बदलण्याची प्रक्रिया आता बरीचशी ऑनलाइन झाली आहे आणि ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो. परदेशी पोहोचल्यावर इथलं सिमकार्ड बंद पडलं की गाडं तिथेच अडतं. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवता येतं, पण ते सहसा तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं लागतं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. एका मोटारसायकलसाठी हा खटाटोप फार झाला. त्यापेक्षा विमानाच्या तारखेपूर्वी निदान दीड-दोन महिने गाडी विकायला काढावी आणि भारतीय नंबर काही काळ चालू ठेवावा.

ते दीड-दोन महिने इतर कामांसाठीही लागतात. कर्ज फेडलं म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरतो असं अनेकांना वाटतं. तो आपोआप उतरत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन तो काढावा लागतो. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी, तिच्याशिवाय आरटीओतली कामं अडतात. ई-चलन थकलं असेल तर तेही आधी भरा. पाटी वसई-विरारच्या एमएच-४८ ची असो की जुनी, ठाण्याच्या एमएच-०४ ची, नियम तेच. तलासरीपलीकडचं, म्हणजे गुजरातमधलं गिऱ्हाईक आलं तर नमुना २८ मधली ना-हरकत लागते. तिला वेळ लागतो, त्यामुळे जायची तारीख जवळ असेल तर मी राज्यातलंच गिऱ्हाईक पाहीन.

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली आणि ‘जुनी गाडी विकली तर १८ टक्के जीएसटी’ अशी भीती घरोघर पोहोचली. हा कर जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला, तोही त्याच्या नफ्याच्या रकमेवर आहे. आपली वापरातली दुचाकी विकणाऱ्या माणसाला तो लागत नाही. आयकरातही स्वतःच्या वापरातली दुचाकी ही भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे भांडवली नफ्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

‘रोख घेतो, म्हणजे लगेच डॉलर करता येतील’ हा हिशेबही तपासून घ्या. परकीय चलन घेताना ५० हजार रुपयांपर्यंतच रोख देता येते, त्यापुढची रक्कम बँकेतूनच जावी लागते. भारतीय नोटा सोबत न्यायची मर्यादा माणशी २५ हजार आहे. त्यामुळे पैसे थेट खात्यावर घेणं सोयीचं, शिवाय व्यवहाराची नोंद राहते. नोकरीसाठी किंवा कायमचं बाहेर गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासी सामान्य) करून घ्यावं लागतं. उशिरा आलेले पैसे त्या खात्यात जमा होतात आणि तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम कागदपत्रांसह बाहेर पाठवता येते. म्हणजे पैसे अडकून पडतात ही भीतीही खरी नाही.

काहींचा जीव गाडीत इतका गुंतलेला असतो की ते ती सामानासोबत न्यायचं म्हणतात. ती ओढ मला समजते. पण कॅनडात, तिथल्या मानकांनुसार न बनलेलं १५ वर्षांपेक्षा नवं वाहन कायमचं आयात करता येत नाही. ऑस्ट्रेलियात जहाजावर चढवण्याआधीच आयातीची मंजुरी लागते. जहाजभाडं आणि तिकडचं शुल्क धरलं तर साध्या दुचाकीची किंमत त्यापुढे टिकत नाही.

विम्याबाबत एक फायद्याची गोष्ट मात्र बहुतेकांच्या हातून सुटते. दावा न केल्याबद्दल मिळणारी नो क्लेम बोनसची सवलत गाडीची नसते, मालकाची असते. विक्रीनंतर विमा कंपनीकडून तिचं पत्र मागून घ्या. तीन वर्षांच्या आत भारतात परतून दुसरी दुचाकी घेतली, तर ती सवलत पुन्हा वापरता येते. आणि निघण्यापूर्वी परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर जुन्या गाडीचा नंबर टाकून मालकाच्या रकान्यात काय दिसतं ते पाहा. तिथे नवं नाव दिसेपर्यंत करार, पावती, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि नमुना २९ ची पोच या चार कागदांचा संच हातातल्या बॅगेत असू द्या.