सरकारी शाळांतील प्रार्थना आणि ख्रिस्ती मत : एका खोडलेल्या मजकुराच्या निमित्तानें

जुन्या मसुद्यांतील खोडलेला मजकूर पुष्कळ वेळां कायम राहिलेल्या मजकुराहून अधिक बोलका असतो, हा अनुभव आमच्या संग्राहक वाचकांस नवा नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सरकारी शाळांत प्रार्थना असावी कीं नसावी, या वादाचें मूळ शोधूं लागल्यास असाच एक मसुदा हातीं येतो. कनेक्टिकट संस्थानांतील डॅनबरी येथील बाप्टिस्ट संघानें ऑक्टोबर १८०१ मध्यें अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांस पत्र लिहिलें. त्याचें उत्तर १ जानेवारी १८०२ रोजीं गेलें. धर्म व राज्य यांमधील भिंतीची प्रसिद्ध उपमा याच उत्तरांत आहे. वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयांत असलेल्या त्याच्या मसुद्यांत कांहीं ओळी शाईनें झांकलेल्या होत्या. १९९८ मध्यें मध्यवर्ती अन्वेषण खात्याच्या प्रयोगशाळेनें त्या उलगडल्या. उपवासाचे व आभारप्रार्थनेचे दिवस सरकारी आज्ञेनें जाहीर करण्याचें आपण कां टाळतों, हें जेफर्सन त्यांत सांगत होते. पूर्वेकडील स्वपक्षीयांस तें रुचणार नाहीं म्हणून परिच्छेद गाळला, अशी टीप समासांत आहे.

या पत्रव्यवहारांतील तक्रारदार नास्तिक नव्हते, ही गोष्ट येथें ध्यानांत धरावी. ते निष्ठावंत ख्रिस्ती होते व त्यांची तक्रार राजाश्रय असलेल्या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध होती. त्यांच्या विचाराची परंपराही जुनी आहे. रॉजर विल्यम्स यांस मॅसॅच्युसेट्समधून १६३५ मध्यें हद्दपारीची शिक्षा झाली. सक्तीची उपासना ही उपासनाच नव्हे, तिनें देवाचा उपमर्द होतो, असें त्यांचें प्रतिपादन होतें. दार लावून एकांतीं प्रार्थना करावी, हा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांतील उपदेश या पक्षाचा मुख्य आधार होय.

शाळांत हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांत तीव्र झाला. प्रॉटेस्टंट पंचांनीं राजा जेम्सच्या आज्ञेनें झालेलें बायबलचें भाषांतर टीकेवांचून वाचणें हें पंथनिरपेक्ष मानिलें. कॅथलिकांस तें तसें वाटेना, कारण दहा आज्ञांचा अनुक्रम दोघांचा निराळा. प्रभूच्या प्रार्थनेअखेरचें स्तुतिवाक्य प्रॉटेस्टंट म्हणत, कॅथलिक म्हणत नसत. फिलाडेल्फियाचे बिशप फ्रान्सिस केन्रिक यांनीं १८४२ मध्यें आपल्या मुलांस स्वतःची प्रत वाचूं देण्याची विनंती केली. शाळामंडळानें सवलत दिली, पण टीपांवांचूनचीच प्रत चालेल अशी अट घातली. कॅथलिकांची दुए प्रत तर सटीप. पुढें मे १८४४ च्या दंगलींत तेथील सेंट मायकेल व सेंट ऑगस्टिन हीं मंदिरें जळालीं, व दुसऱ्याबरोबर त्याचा ग्रंथसंग्रहही भस्म झाला. १८९० मध्यें विस्कॉन्सिनच्या वरिष्ठ न्यायालयानें कॅथलिक पालकांच्याच अर्जावरून शाळेंतील असें बायबलवाचन घटनाबाह्य ठरविलें.

न्यूयॉर्कच्या शिक्षणमंडळानें १९५१ मध्यें अवघ्या २२ इंग्रजी शब्दांची एक प्रार्थना रचून तिची शिफारस केली. कोणासही खटकूं नये म्हणून तींत येशूचें नांवही घातलें नव्हतें. २५ जून १९६२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती सहाविरुद्ध एक मतानें रद्द केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक यांनीं पूर्वी बाप्टिस्ट रविवारशाळेंत शिकविलें होतें. सरकारी आज्ञेनें प्रार्थनापुस्तक लादल्यामुळें इंग्लंडांत माजलेल्या कलहांचा इतिहास त्यांनीं आधारास घेतला. १७ जून १९६३ च्या दुसऱ्या निकालानें बायबलवाचनाचा नित्यविधि बंद झाला. मात्र बायबलचा वाङ्मय व इतिहास म्हणून अभ्यास मोकळा ठेविला.

यावर ख्रिस्ती समाजांत एकमत झालें नाहीं. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनीं निकालाचा तीव्र निषेध केला. केन्रिक यांच्या विनंतीशीं हें ताडून पाहिल्यास, १२० वर्षांत एकाच चर्चच्या अग्रणींची भूमिका कशी पालटली तें दिसतें. दिवसाचा मोठा भाग जेथें जातो तेथें देवाचें नांवही नसेल, तर देव अनावश्यक आहे हाच धडा मूल शिकेल, असें या पक्षाचें म्हणणें. तें हलकें मानूं नये. उलट, घटनादुरुस्तीची सूचना १९६४ मध्यें प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें आली, तेव्हां राष्ट्रीय चर्च परिषदेनें तिला विरोध केला; ती दुरुस्ती झाली नाहीं. व्यक्तीची स्वेच्छेची प्रार्थना मात्र कधींच निषिद्ध नव्हती. २०२२ मध्यें शाळेच्या मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका क्रीडाशिक्षकाचा हक्क न्यायालयानें सहाविरुद्ध तीन मतानें मान्य केला. विद्यार्थ्यांवर शिक्षकाचें दडपण कोठें सुरू होतें, हा वाद त्या निकालानेंही मिटला नाहीं.

तात्पर्य, हा झगडा श्रद्धावान् व अश्रद्ध यांचा असें जें सामान्यतः मानितात, तें कागदांवरून सिद्ध होत नाहीं. ‘कोणाची प्रार्थना, व कोणाच्या आज्ञेनें?’ हा प्रश्न प्रथम ख्रिस्ती लोकांनींच ख्रिस्ती लोकांस विचारिला. सर्वांस चालेल अशी प्रार्थना सरकार रचूं लागतें तेव्हां ती कोणाचीच राहत नाहीं, ही भीति त्यांतील जुन्या पक्षास होती. न्यूयॉर्कचे ते २२ शब्द पाहतां ती निराधार होती असें आम्हांस वाटत नाहीं.